कोयनेच्या रानातले साप आणि बेडूक



आज आपण साप, घोरपड आणि बेडूक यांच्याविषयी चार गोष्टी बोलणार आहोत. कुणी म्हणेल, "रात्रीच्या वेळी त्याचं नाव कशाला? लांबडं म्हणा!" असू द्या. पण ज्याच्या शेजारी राहायचे, त्याची ओळख हवीच.

सातारा जिल्ह्यातले कोयनेचे खोरे पाहा. शिवसागर जलाशयाच्या आसपासचे रान सरकारने १९८५ साली अभयारण्य म्हणून राखले. पुढे २०१० साली हे रान आणि चांदोलीचे रान मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. अभयारण्य म्हणजे जनावरांना अभय देणारे अरण्य. हे अभय वाघाला आहे, गव्याला आहे आणि बेडकालाही आहे.

बेडूक तो काय, असे म्हणू नका. याच खोऱ्यात हुंबर्ली गावाजवळ एक लहानसा बेडूक सापडला. त्याच्या अंगाच्या बाजूंना पिवळे डाग असतात. १९६३ साली शास्त्रज्ञांनी त्याची नोंद केली आणि त्याला कोयनेचेच नाव दिले. हा बेडूक आपल्या सह्याद्रीचा. जगात दुसरीकडे तो कुठेच नाही.

बेडूक शेतातले किडे खातो. पूर्वी आपल्या देशातून बेडकांचे पाय परदेशी खायला जात. १९८७ साली सरकारने ते बंद केले. बेडकाची कातडी पातळ असते. पाण्यात मिसळलेले विष तिच्यातून थेट अंगात जाते. म्हणून औषधाचा फवारा मारल्यावर पंप ओढ्यात धुऊ नका.

पावसाळ्यात ओल्या मातीत गांडुळासारखा, पण मोठा जीव निघतो. तो देवगांडूळ. तो बेडकाच्या गोतातला आहे. त्याला पाय नसतात. पुष्कळजण साप समजून त्याला ठेचतात. पण तो माणसाला काहीच करत नाही.

आता सापाकडे वळू. रानाला कुंपण नाही. उंदीर आपल्या कणगीपाशी येतो आणि त्याच्यामागे साप येतो. धामण बिनविषारी आहे. ती उंदीर खाते. तिला मारले तर उंदरांचेच फावते. घोरपडही उंदीर खाते. तिच्या तेलाने दुखणे बरे होते, या समजुतीला शास्त्राचा आधार नाही. आणि १९७२ च्या कायद्याने तिला मारणे हा गुन्हा आहे.

पण विषारी सापही आहेत. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चार नीट ओळखा. ओढ्याकाठच्या झुडपात हिरवा चापडा बसतो. पानात तो दिसत नाही. म्हणून झुडूप तोडण्याआधी ते काठीने हलवा. मण्यार रात्री फिरते. जमिनीवर झोपलेल्या माणसाला ती चावते आणि कित्येकदा ते कळतही नाही. म्हणून खाटेवर झोपा, मच्छरदाणी लावा आणि तिच्या कडा अंथरुणाखाली खोचा. अंधारात बाहेर जाताना बॅटरी घ्या.

ही भीती खोटी नव्हे. २००० ते २०१९ या वीस वर्षांत आपल्या देशात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे गेली, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. त्यातली निम्मी माणसे जून ते सप्टेंबर या महिन्यांत गेली. म्हणजे ऐन पेरणी-भांगलणीच्या दिवसांत.

मग चावला तर काय करावे? कुणी म्हणेल, "मांत्रिकाकडे न्या. अमक्याला तिथंच गुण आला." गुण का आला, ते ऐका. बहुतेक साप बिनविषारी असतात. विषारी सापही कधी कधी चावतो, पण विष सोडत नाही. असा माणूस मंत्राशिवायही वाचला असता. पण ज्याच्या अंगात विष भिनते आहे, त्याचा वेळ मंत्रात जातो आणि त्याबरोबर जीवही जातो.

तेव्हा जखम कापू नका, चोखू नका, दोरीने आवळू नका. माणसाला धीर द्या. अंगठी, बांगड्या काढा. चावलेला हात किंवा पाय फळी लावून स्थिर ठेवा. त्याला चालवू नका. १०८ वर फोन करून गाडी बोलवा, किंवा मिळेल त्या वाहनाने सरकारी रुग्णालयात न्या. तिथे विषावर उतारा देणारे इंजेक्शन असते. साप पकडायच्या मागे लागू नका. त्यात दुसऱ्यालाही दंश होतो.

साप साप म्हणून भुई धोपटू नये, असे आपले जुने लोक सांगतात. घराजवळची अडगळ काढा, धान्य झाकून ठेवा. उंदीर कमी झाले की सापही कमी येईल. आणि रानात दिसला, तर दोन पावले मागे सरा. त्याला त्याच्या वाटेने जाऊ द्या. तो आपला जीव वाचवायला जातो आहे. आपण आपला वाचवू.