शेपटीतली धमनी आणि शिंप्याची टेप

श्रोतेहो, सोनोग्राफीचं यंत्र आता गोठ्यापर्यंत पोचलंय. गाय गाभण आहे की नाही एवढं पाहायचं आणि ते पेटीत ठेवायचं, असं आपलं चाललंय. त्याच यंत्रानं रक्तवाहिनीही मोजता येते. पण आमचे तरुण डॉक्टर मोजताना जी घाई करतात, तिच्याबद्दल मला बोलायचंय.

पण रक्तवाहिनी मोजायची कशाला, ते आधी सांगतो. अमेरिकेत केंटकी राज्यात फेस्क्यू नावाचं गवत १९३१ साली एका डोंगरउतारावर सापडलं आणि ‘केंटकी ३१’ या नावानं सगळीकडे पसरलं. चिवट गवत, पण त्याच्या आत एक बुरशी राहते. आपल्या बाजरीवरच्या अरगटाच्या कुळातली, फक्त बाहेरून दिसत नाही. तिच्या विषानं जनावराच्या रक्तवाहिन्या आवळतात. उन्हाळ्यात कातडीपर्यंत पुरेसं रक्त जात नाही, अंगातली उष्णता कोंडते, गाई तळ्यात जाऊन उभ्या राहतात. थंडीत शेपटीचं टोक झडतं, पाय सडतात. केंटकीतल्याच लेक्झिंग्टन शहरातल्या संशोधकांनी शेपटीतली धमनी डॉप्लर सोनोग्राफीनं मोजून हे आवळणं पडद्यावर दाखवलं. नाडी बघायला शेपटीखाली आपण बोट ठेवतो ना, तीच धमनी.

आता हिशेब बघा. धमनी ३ मिलिमीटरची धरू. ती २.७ झाली, तर फरक दहा टक्क्यांचा वाटतो. पण छेदाचं क्षेत्रफळ १९ टक्क्यांनी घटतं, आणि दाब तेवढाच राहिला तर रक्ताचा प्रवाह जवळजवळ एक तृतीयांशानं! आणि ०.३ मिलिमीटरची चूक तर नुसत्या हाताच्या दाबानंही होते.

शिंपी माप घेतो तेव्हा काय होतं? टेप दिसली की गिऱ्हाईक पोट आत ओढतं. चांगला शिंपी थांबतो, इकडचं तिकडचं बोलतो, श्वास सुटू देतो, मग टेप लावतो. टेप तिरकी धरत नाही, आवळत नाही, स्वेटरवरून तर मुळीच माप घेत नाही. गाईचंही तसंच आहे, बाबांनो. खोड्यात घातल्याबरोबर ती बिथरलेली असते, भीतीनंही वाहिन्या आवळतात. तिला शांत होऊ द्या. केस कापा, जेल भरपूर लावा, यंत्राचा प्रोब दाबू नका. तिरका धरलात तर गोल धमनी लांबट दिसेल. शेपटीचा मणका मोजून ठरवा, दर वेळी तोच. वेळ तीच, सावली तीच. नाडीच्या ठोक्याबरोबर धमनी फुगते, तेव्हा चित्र थांबवायचं ते ठोक्याच्या त्याच क्षणी.

आणि शिंपी शेजारणीच्या मापावर तुमचं पोलकं बेतत नाही. एका गाईचा आकडा दुसरीला लावू नका. चारा बदलण्याआधी तिचं माप, नंतर तिचंच माप. पुन्हा सांगतो, तिचंच. एकट्या आकड्याला अर्थ नाही.

लाल क्लोव्हर नावाच्या चाऱ्यातल्या घटकांनी आवळलेल्या वाहिन्या सैल होतात, असंही लेक्झिंग्टनला दिसलंय. तो विषय मोठा आहे, आणि स्टुडिओच्या काचेपलीकडून मला बोट दाखवताहेत, एक मिनिट उरलंय म्हणून. असो.

गोपालकांना एक विनंती. डॉक्टर गाय शांत व्हायची वाट बघत उभे असतील, तर “झालं का, झालं का” करू नका. त्यांना थांबू द्या, आणि आधीच्या मापाचा कागद जपून ठेवा.