पीआर कार्ड आणि पीआरचा दर्जा

कॅनडात कायम वास्तव्याची परवानगी, म्हणजेच ‘पीआर’, मिळालेल्या व्यक्तीला त्या देशात कोठेही राहण्याचा आणि नोकरी-व्यवसाय करण्याचा हक्क प्राप्त होतो. मात्र ती कॅनडाची नागरिक होत नसल्यामुळे तिला मतदान करता येत नाही आणि तिचे पारपत्र मूळ देशाचेच राहते. हा दर्जा तहहयात असल्याचा समज नवागतांमध्ये आढळतो, आणि बहुतेक अडचणींचे मूळ त्यातच असते.

२००२ साली अमलात आलेल्या स्थलांतरविषयक कायद्याच्या अठ्ठाविसाव्या कलमानुसार दर पाच वर्षांत किमान ७३० दिवस कॅनडात वास्तव्य आवश्यक आहे. हे दिवस सलग असण्याची गरज नाही. परंतु अधिकारी ज्या दिवशी तपासणी करतो त्या दिवसापासून मागची पाच वर्षे मोजली जात असल्याने जुन्या वास्तव्याची पुंजी कायम पुरत नाही. नागरिक असलेल्या पती किंवा पत्नीसोबत परदेशी काढलेले दिवस हिशेबात धरले जातात. मुलाने बोलावून घेतल्यामुळे पीआर झालेल्या आईवडिलांना मात्र ही सवलत नाही. मुलगा कॅनडाचा नागरिक असला आणि त्याच्याच सोबतीने ते पुण्यात राहिले, तरी ते दिवस वजाच होतात. थंडी टाळण्यासाठी वर्षातील आठ-आठ महिने मायदेशी राहणारी ज्येष्ठ मंडळी नेमकी येथेच अडकतात, कारण चार महिन्यांच्या हिशेबाने पाच वर्षांत सहाशेच्या आसपासच दिवस भरतात.

पीआर कार्ड हा या दर्जाचा केवळ पुरावा असून, त्याची मुदत संपली म्हणून दर्जा संपत नाही. उलट कार्डाची मुदत शिल्लक असली तरी दिवस कमी पडल्यास दर्जा धोक्यात येतो. परदेशात असताना कार्डाची मुदत संपल्यास विमानात बसण्यापूर्वी स्वतंत्र प्रवास-दस्तऐवज मिळवावा लागतो, आणि त्या अर्जाच्या वेळी दिवसांची झडती होते. दिवस कमी भरल्यास आजारपणासारख्या मानवतावादी कारणांचा विचार होऊ शकतो, तथापि त्यांचे पुरावे अर्जदारालाच द्यावे लागतात. निर्णय विरोधात गेल्यास, तो परदेशातील कार्यालयाने दिलेला असेल तर, ६० दिवसांच्या आत अपील करता येते. म्हणून प्रत्येक पीआरधारकाने जाण्या-येण्याच्या तारखांची नोंद पहिल्या दिवसापासून स्वतः ठेवावी आणि जुने पारपत्र टाकून देऊ नये.