माशाचे आधीचे नाव



आज मी लॅटिमेरिया या खोल समुद्रातील माशांच्या प्रजातीची कथा सांगणार आहे. हे मासे सीलाकँथ गटातील. हा गट सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी नामशेष झाला, असा जीवाश्मांवरून विद्वानांचा समज होता. २२ डिसेंबर १९३८ रोजी दक्षिण आफ्रिकेतील ईस्ट लंडनच्या धक्क्यावर, तेथील संग्रहालय सांभाळणाऱ्या मार्जोरी कोर्टनी-लॅटिमर यांना मासळीच्या ढिगात दीड मीटर लांबीचा एक निळसर, अनोळखी मासा दिसला. त्याचे रेखाचित्र काढून त्यांनी ते जे. एल. बी. स्मिथ यांना पाठविले. १९३९ मध्ये स्मिथ यांनी प्रजातीला लॅटिमर यांचे आणि जातीला चालुम्ना नदीचे नाव दिले : लॅटिमेरिया चालुम्नी.

दुसरा नमुना मिळण्यास चौदा वर्षे लागली. त्यासाठी स्मिथ यांनी इंग्रजी, फ्रेंच व पोर्तुगीज भाषांत बक्षिसाची पत्रके काढली होती. १९५२ मध्ये मासा कोमोरो बेटांवर सापडला, तेव्हा कळले, की तेथील कोळी त्याला आधीपासून ओळखतात आणि ‘गोंबेसा’ म्हणतात.

१९९७ मध्ये मार्क व अर्नाझ अर्डमन या दांपत्याला इंडोनेशियातील मानाडोच्या बाजारात असाच मासा दिसला. मार्क कोळ्यांकडे चौकशी करीत राहिले आणि जुलै १९९८ मध्ये एका कोळ्याने तो जिवंत आणून दिला. १९९९ मध्ये लॅटिमेरिया मेनाडोएन्सिस ही दुसरी जाती नोंदली गेली. कोळ्यांच्या तोंडी त्याचे नाव होते ‘राजा लाउत’, समुद्राचा राजा. त्यातील ‘राजा’ आपल्याही ओळखीचा आहे!

शास्त्रज्ञांना त्या माशाची वंशावळ ठाऊक होती. तो जिवंत आहे, हे ठाऊक नव्हते. कोळ्यांना मासा ठाऊक होता. त्याची वंशावळ नव्हती. दोघे एकमेकांशी बोलले, तेव्हा ज्ञान पूर्ण झाले. आज चालुम्नी जाती अतिसंकटग्रस्त आहे. तिचे रक्षणही याच संवादावर अवलंबून आहे.

पालकहो, महाराष्ट्रापासून दूर राहून मुलांना मराठी माध्यमात घालताना ‘विज्ञानात ती मागे तर पडणार नाहीत ना?’ ही शंका आपल्या मनात येते. मुलांनी लॅटिन नाव अवश्य शिकावे, इंग्रजीही उत्तम शिकावी. परंतु घरच्या भाषेत पाहणे, विचारणे आणि नाव ठेवणे ज्याला येते, तो दोन्ही काठांवर उभा राहू शकतो. या शाळेने साठ वर्षे हेच शिकविले आहे.