सहलीचे अंथरूण
(मंडळाच्या संक्रांतीच्या हळदीकुंकू समारंभात केलेले भाषण)



गेल्या संक्रांतीला याच जागी उभी राहून मी वड्यांचे प्रकार सांगितले होते. यंदा स्लीपिंग बॅगेवर बोलते म्हटल्यावर चिटणीसबाईंनी माझ्याकडे जरा काळजीनेच पाहिले! पण विषय आपल्या घरातलाच आहे. आपल्या निगडी-चिंचवडच्या घराघरांतून कोणी ना कोणी शनिवारी पाठीला सॅक लावून राजमाचीला, राजगडाला, नाहीतर पवनेच्या काठी तंबूत राहायला जाते. चाकणच्या कारखान्यांतली मुलेमुली तर शिफ्ट संपवून थेट गडाची वाट धरतात. त्यांच्या पांघरुणाची काळजी, ती मागोत वा न मागोत, आपणच करतो.

माझी मुलगी दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात उत्तराखंडातल्या केदारकांठ्याला गेली. उंची सुमारे साडेबारा हजार फूट, भोवती बर्फ. बॅग आम्ही दोघींनीच दुकानातून निवडली होती. वर ठळक अक्षरांत 'उणे १५' लिहिलेले. मला वाटले, झाले काम. तिकडे तंबूत पारा शून्याच्या जरासा खाली होता, तरी पोरगी रात्रभर दात वाजवीत बसून राहिली. बरोबरचे मुलगे तसल्याच बॅगांत अंग मुडपून का होईना, झोपले. "मुली नाजूकच," असे कोणीतरी म्हणाले. खरे सांगते, घरी आल्यावर मीही तिलाच बोलले. पुढे बॅग उन्हात घालताना आतल्या शिवणीवरची बारीक पट्टी वाचली आणि माझी मलाच लाज वाटली.

पट्टीवर तीन आकडे होते: कम्फर्ट ५, लिमिट शून्य, एक्स्ट्रीम उणे १५. या आकड्यांचे मानक युरोपात २००२ साली ठरले आणि २०१६ साली ते आंतरराष्ट्रीय झाले. माणसाएवढा तापवलेला पुतळा बॅगेत निजवून मोजमाप घेतात. कम्फर्ट म्हणजे ज्या थंडीत सर्वसाधारण बाई अंग सैल सोडून सुखाने झोपेल ती. लिमिट म्हणजे ज्या थंडीत सर्वसाधारण पुरुष अंग चोरून रात्र काढील ती. आणि एक्स्ट्रीम? त्या थंडीत बाई सहा तास जीव धरून राहील, एवढेच. हिमदंश व्हायचा तो होईलच. बाईला थंडी अधिक लागते हे शास्त्रज्ञांनी धरून ठेवले होते. धरले नव्हते ते दुकानदाराने आणि मी! तेव्हा मुलीसाठी बॅग घेताना कम्फर्टचाच आकडा पाहावा. बॅगेवर एकच मोठा आकडा असेल, तर तो सुखाचा नाही असे समजून चालावे.

आपल्या सह्याद्रीत फार भारी बॅग लागत नाही. पुण्याची नोंदलेली सर्वांत कडक थंडी १.७ अंश, तीही १७ जानेवारी १९३५ ची. कम्फर्ट ५ ची बॅग आणि अंगात स्वेटर असला की हरिश्चंद्रगडावरचा पौष निभावतो. पण एक ध्यानात ठेवा. थंड हवा जड असते. निरभ्र रात्री ती उतारावरून ओघळून खोलगटात साठते. म्हणून पवनेच्या अगदी काठाशी पहाटे जो गारठा असतो, तो वरच्या माळावर नसतो. शिवाय दवाने बॅग भिजते ती वेगळीच. चैत्र-वैशाखात, विशेषतः कोकणात, बॅग नेऊच नये. जुन्या सुती लुगड्याची खोळ शिवून द्यावी. तीच खोळ हिवाळ्यात बॅगेच्या आत घातली की बॅग मळत नाही आणि थोडी ऊबही वाढते.

आत भरलेले काय आहे तेही पाहावे. हंसाबदकांची मऊ पिसे वजनाला हलकी आणि उबेला सरस, पण ओली झाली की गोळा होऊन बसतात. पावसाळ्यात, दमट गुहांतून राहणाऱ्यांनी कृत्रिम तंतूंचीच बॅग घ्यावी. ती जड असते, पण ओलसर झाली तरी बरीच ऊब राखते. (आमच्या आजोळी पावसात घोंगडी घेत, ती लोकरीच्या याच गुणामुळे.) शिवण तर आपल्याला कळतेच. ऊब कापसात किंवा पिसांत नसते, त्यांत अडकलेल्या हवेत असते. जिथे टाका आरपार गेला तिथे ती हवा दबते आणि थंडी शिरते. बॅग दिव्यासमोर धरावी. टाक्यांच्या रेषांतून उजेड दिसला तर बर्फासाठी ती घेऊ नये.

आणि सर्वांत विसरले जाते ते खालचे अंथरूण. अंगाखाली दबलेल्या भागात हवाच उरत नाही. जमीन ऊब ओढून घेते. तो पुतळासुद्धा चटईवर निजवतात, तोही आतले पूर्ण बाह्यांचे कपडे घालून! चाकणला सुटे भाग गुंडाळायला येतो तो पांढरा फोम दोन पदरी केला तरी राजमाचीपुरते भागते. हिमालयाला मात्र जाड मॅट हवी. तिथे एकदाच जायचे असेल तर बॅग भाड्याने घ्यावी, पण कम्फर्टचा आकडा विचारूनच.

घरी आल्यावर बॅग छोट्या पिशवीत कोंबून माळ्यावर टाकू नका. भरण कायमचे दबते. उशीच्या मोठ्या अभ्र्यात सैल ठेवा.

मुलीची ती बॅग मी आज बरोबर आणली आहे. तिळगूळ घेतल्यावर जिला हवे तिने पट्टी वाचून जावे. खोळीचे मापही कागदावर काढून ठेवले आहे.