शाळेतील विद्यार्थी-मंडळे आणि त्यांचे कार्य

(शिक्षक-संमेलनातील भाषण)



शाळेच्या दप्तरात विद्यार्थी-मंडळांची नोंदवही बहुधा असतेच. वाङ्मय मंडळ, विज्ञान मंडळ, क्रीडा मंडळ, स्वच्छता मंडळ अशी नावे तिच्यात सुवाच्य अक्षरांत लिहिलेली असतात. जूनमध्ये निवडलेल्या पदाधिकाऱ्यांची यादी असते आणि 26 जानेवारीच्या कार्यक्रमाचे इतिवृत्तही असते. मधल्या महिन्यांची पाने मात्र पुष्कळदा कोरी राहतात. ही पाने कशी भरावीत, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे ती कोणाच्या हातांनी भरावीत, हा प्रस्तुत भाषणाचा विषय होय.

ह्या प्रश्नाचे पहिले उत्तर खानदेशातच सापडते. पांडुरंग सदाशिव साने, म्हणजेच साने गुरुजी, 1924 ते 1930 ह्या काळात अमळनेर येथील हायस्कुलात शिक्षक होते आणि तेथील छात्रालयाचे कामही त्यांनी पाहिले. छात्रालयातील मुलांच्या खोल्या अस्ताव्यस्त असत. गुरुजींनी त्याबद्दल दंड केला नाही, की उपदेशही केला नाही. मुले शाळेत गेली की ते स्वतः खोल्या झाडीत, अंथरुणे आवरून ठेवीत, कंदिलाच्या काचा पुसून ठेवीत. हे कोण करते ते कळल्यावर मुले ओशाळली आणि आपल्या खोल्या आपणच आवरू लागली. ह्याच छात्रालयात गुरुजींनी ‘छात्रालय दैनिक’ सुरू केले. ते हस्तलिखित होते. छात्रालयातील लहानमोठ्या घडामोडी, गोष्टी, देशोदेशीचे विचार असे नानाविध लेखन ते रात्री बसून करीत आणि मुले ते आवडीने वाचीत. त्यातूनच पुढे ‘विद्यार्थी’ हे मासिक निघाले.

ह्या उदाहरणाचा अर्थ नीट लावला पाहिजे. ते दैनिक मुख्यतः गुरुजींच्याच हातचे होते. एवढे कष्ट प्रत्येक शिक्षकाने घ्यावेत, अशी अपेक्षा कोणी करू नये. परंतु खोल्यांच्या प्रसंगात जो क्रम दिसतो, तोच कोणत्याही मंडळाच्या घडणीचा क्रम आहे. प्रथम शिक्षक स्वतः करतो, मग मुले त्याच्याबरोबर करतात, आणि शेवटी मुले करतात व शिक्षक बाजूला उभा राहतो. पुष्कळ मंडळे पहिल्याच पायरीवर अडकतात, कारण शिक्षकच लिहितो, शिक्षकच सजवतो आणि खाली मुलाचे नाव घालतो. काही ठिकाणी एकदम तिसरी पायरी गाठली जाते. मुलांच्या हाती वही देऊन शिक्षक निघून जातो आणि मंडळ आठवड्याभरात बंद पडते. मधली पायरीच खरी कसोटीची आहे.

मंडळ कसे चालवावे ह्याचा दुसरा धडा धुळे जिल्ह्यातील पांझरेच्या काठी मिळतो. तेथील फड पद्धत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. नदीवर बंधारा, त्यातून पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे फड. एका फडात एकच पीक आणि पाणी ठरलेल्या क्रमाने. पाटकरी व जागल्या ह्यांना गावानेच नेमावयाचे आणि त्यांनी सर्वांच्या वतीने पाण्यावर लक्ष ठेवावयाचे. पाणी थोडे असले तरी पाळी चुकत नाही, म्हणून तंटा माजत नाही. शाळेतील मंडळालाही हेच तत्त्व लागू पडते. कामाची वाटणी ठरलेली असावी, पाळी ठरलेली असावी, आणि पाळी मोडण्याचा अधिकार कोणालाच नसावा.

आता थोडे दूर पाहू. विद्यार्थी-मंडळांचा एक मोठा प्रयोग विसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेतील हायस्कुलांत झाला. वादविवाद, वृत्तपत्र, विज्ञान, नाट्य, छायाचित्रण, शेती अशा नाना विषयांची मंडळे तेथे होती आणि विद्यार्थ्यांनी निवडलेली परिषदही असे. त्यांपैकी ‘फ्यूचर फार्मर्स ऑफ अमेरिका’ ही 1928 साली स्थापन झालेली संघटना खेड्यातील शाळांना विशेष जवळची वाटेल. शेतीचे शिक्षण घेणारे विद्यार्थी एखादे जनावर पाळीत किंवा जमिनीच्या तुकड्यात पीक घेत, त्याच्या जमाखर्चाची वही ठेवीत आणि सभा रीतसर नियमांनी चालवीत. शेतीच्या हिशेबातून गणित व सभेतून नागरिकशास्त्र अशी ही सांगड होती.

परंतु त्याच इतिहासात एक इशाराही आहे. ह्या संघटनेचे राष्ट्रीय सभासदत्व मुलींना 1969 पर्यंत मिळाले नाही. दक्षिणेकडील राज्यांत कृष्णवर्णीय मुलांच्या शाळा निराळ्या होत्या, म्हणून त्यांच्यासाठी 1935 साली दुसरीच संघटना उभी राहिली आणि 1965 मध्ये ती मूळ संघटनेत विलीन झाली. म्हणजे लोकशाहीचे धडे देणाऱ्या मंडळाच्याच दाराशी कित्येक मुले उभी राहिली होती. मंडळ किती उत्साहाने चालते, एवढेच पाहून भागत नाही. त्याच्या बाहेर कोण राहिले, हेही पाहावे लागते.

हा प्रश्न आपल्या गावांतील शाळांना परका नाही. स्वच्छता मंडळाची यादी एकदा वाचून पाहावी. झाडू दरवर्षी त्याच वस्तीतील मुलांच्या हाती जात नाही ना? पाहुणे आले की पाण्याचा तांब्या ठरावीक मुलांच्याच हाती दिला जात नाही ना? मंत्रिमंडळात मुलगे आणि रांगोळीला मुली, अशी वाटणी नकळत होत नाही ना? शिक्षकाच्या मनात भेद नसेलही. परंतु घरून आलेली सवय शाळेत जशीच्या तशी चालू राहिली, तर शाळेने तिच्यावर आपला शिक्काच मारला असे होते. 1947 च्या मे महिन्यात पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना खुले व्हावे म्हणून ज्यांनी दहा दिवस उपोषण केले, ते अमळनेरला मुलांच्या खोल्या झाडणारेच गुरुजी होते. हातात झाडू घेण्याची गोष्ट आणि देवळाचे दार उघडण्याची गोष्ट ह्या दोन निराळ्या गोष्टी नव्हेत. म्हणून झाडण्याच्या पाळीत वर्गातील प्रत्येक मुलाचे, वर्गप्रमुखाचे आणि स्वतः शिक्षकाचेही नाव असले पाहिजे.

दोन शिक्षकांच्या लहान शाळेत दहा मंडळे काढण्यात अर्थ नाही. तीन पुरेत, पण ती वर्षभर चालावीत.

पहिले, भित्तिपत्रक मंडळ. एक जुना फळा किंवा पुठ्ठा, कोरे कागद आणि पेन्सिली एवढ्यावर ते चालते. दर पंधरवड्यास एक अंक निघावा. त्यात गावचा पाऊस, कापसाचा भाव, विहिरीची पातळी, कोणाच्या घरी वासरू झाले अशा खऱ्या बातम्या याव्यात. वर्गात गप्प बसणारी मुले पुष्कळदा मंद नसतात. त्यांच्या घरची बोली अहिराणी, लेवा, पावरी किंवा भिलोरी असते आणि पुस्तकाची भाषा त्यांना अपरिचित वाटते. अशा मुलास घरच्या बोलीतील पाच शब्द व त्यांचे अर्थ लिहून आणावयास सांगावे, आजीकडून जात्यावरची एखादी ओवी लिहून आणावयास सांगावे. जळगावजवळील आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी ह्यांना लिहितावाचता येत नव्हते. त्यांचे मुखोद्गत काव्य घरच्यांनी टिपून ठेवले म्हणूनच 1952 मध्ये ते महाराष्ट्रापुढे येऊ शकले. प्रत्येक गावात असे काहीतरी टिपून घेण्याजोगे असतेच.

दुसरे, पर्जन्य व परसबाग मंडळ. सपाट बुडाचा, सरळ कडांचा डबा उघड्यावर ठेवून रोज सकाळी ठरल्या वेळी पट्टीने पाण्याची उंची मोजावी. 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे 1 चौरस मीटर जागेवर 1 लिटर पाणी. शाळेचे छप्पर 50 चौरस मीटर असेल, तर 10 मिलिमीटर पावसात त्यावर 500 लिटर पाणी पडते. हा हिशेब एकदा मुलांनी स्वतः केला, म्हणजे ते पाणी कोठे जाते आणि परसबागेस कसे आणता येईल हा प्रश्न त्यांचा तेच विचारतात.

तिसरे, वस्तुभांडार मंडळ. समजा, 12 पेन्सिली 48 रुपयांस आणल्या आणि प्रत्येकी 5 रुपयांस विकल्या, तर 60 रुपये आले. नफा 12 रुपये, म्हणजे शेकडा 25. हे उदाहरण पुस्तकातही असते. परंतु येथे पेटी उघडून पैसे मोजावे लागतात आणि 1 रुपया कमी भरला तर तो कोठे गेला ते शोधावे लागते. ह्या शोधात प्रामाणिकपणाचे शिक्षण आहे. त्या वेळी शिक्षकाने चोर शोधू नये, चूक शोधावी.

पदाधिकारी दर दोन महिन्यांनी बदलावेत. वर्षात पाच वेळा बदल झाला, तर लहान वर्गातील प्रत्येक मुलास कोठेतरी जबाबदारी येते. प्रत्येक पदास एक जोडीदारही नेमावा. कापूस वेचणीच्या दिवसांत काही मुले शाळेस मुकतात. त्यांची उपस्थिती वाढविण्याचा प्रयत्न तर करावाच, परंतु अशा मुलाचे पद काढून घेऊ नये. तो परत येईल तेव्हा आपले काम आपली वाट पाहत आहे, असे त्यास दिसावे. शाळेकडे ओढून आणणारे हे एक बळकट कारण होईल.

वेळ कोठून आणावा, असा आक्षेप येईल आणि तो खोटा नाही. शिक्षकांवर अहवालांचा व इतर कामांचा भार आहे. म्हणून आठवड्यातून एकच तास ठरवावा, शनिवारचा असल्यास उत्तम, परंतु तो चुकवू नये. हा तास अभ्यासातून वजा होतो असे मानण्याचेही कारण नाही. माध्यमिक शिक्षण आयोगाने, म्हणजे मुदलियार आयोगाने, 1953 च्या अहवालात अशा कार्यक्रमांना शिक्षणाचा अविभाज्य भाग मानले. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही अभ्यास आणि अभ्यासपूरक उपक्रम ह्यांत भिंत नको, असेच म्हटले आहे. मुलाने लिहिलेली बातमी हे निबंधलेखन आहे, पावसाची नोंद हा भूगोल आहे आणि भांडाराची वही हे गणित आहे.

दुसरी अडचण अधिक नाजूक आहे. मुलांनी केलेले काम सुबक नसते. अक्षर वाकडे येते, वाफा तिरपा होतो, सभेत गोंधळ होतो. तपासणीचा दिवस जवळ आला की शिक्षकाचा हात आपोआप पुढे जातो आणि सारे ठाकठीक करून टाकतो. तो हात आवरणे हीच शिक्षकाची खरी साधना. शाळा तपासणाऱ्या अधिकाऱ्यांनीही सुबक फलकापेक्षा मुलांच्या हातच्या वाकड्या ओळींना अधिक मान दिला पाहिजे. तसा मान मिळत नाही, तोवर केवळ शिक्षकांना दोष देणे न्याय्य ठरणार नाही.

वर्षअखेरीस मंडळाची वही उघडावी आणि एकच गोष्ट तपासावी. वर्गाच्या हजेरीपटातील असे कोणते नाव आहे, जे ह्या वहीत एकदाही आलेले नाही? ते नाव सापडले, तर पुढील जूनच्या पहिल्या सभेचा पहिला विषय तेच मूल असावे.