बाळाचे पहिले धान्य आणि आतड्यांचे आरोग्य

(मानेसर परिसरातील मराठी कुटुंबांसाठी तयार केलेल्या आरोग्यविषयक व्याख्यानाचा मजकूर)



मानेसरच्या कारखान्यांत नोकरीनिमित्त येऊन स्थिरावलेल्या मराठी घरांत बाळाच्या जेवणाविषयी दोन परंपरा एकत्र येतात. एकीकडे गावाहून आलेला नाचणीच्या सत्त्वाचा डबा आणि मऊ वरण-भात. दुसरीकडे शेजारघरातून मायेने येणारा गव्हाचा दलिया आणि दुधात कुस्करलेली पोळी. दोन्ही अन्ने बाळाला मानवणारी आहेत. तरीही गहू केव्हा द्यावा, त्यातील ग्लुटेनमुळे आतडी बिघडतात काय, अशी शंका अनेक घरांत असते. तिचा विचार आज करू.

प्रथम वयाविषयी. जन्मापासून सहा महिने पूर्ण होईपर्यंत, म्हणजे १८० दिवस, बाळाला केवळ आईचे दूध द्यावे. पाणी, मध, गुटी वा पेज यांची गरज नसते. आपल्याकडे उष्टावण मुलाचे सम महिन्यात आणि मुलीचे विषम महिन्यात करण्याची रीत आहे. त्यामुळे काही घरांत मुलीला पाचव्याच महिन्यात खीर चाटवली जाते. मुलगा असो वा मुलगी, दोघांच्याही आतड्यांची वाढ सारखीच होते. म्हणून सहा महिने पूर्ण होताच सातव्या महिन्याच्या आरंभी उष्टावण करावे. विधी थोडा पुढे गेल्याने त्याचे मांगल्य उणावत नाही.

सहा महिन्यांनंतर मात्र विलंब करू नये. या वयात आईच्या दुधातून मिळणारे लोह आणि ऊर्जा वाढीला अपुरी पडू लागतात. आरंभी दोन-तीन चमचे मऊ अन्न दिवसातून दोन-तीन वेळा द्यावे. हळूहळू प्रत्येक वेळचे प्रमाण अर्ध्या वाटीपर्यंत न्यावे. ही वाटी २५० मिलिलिटरची समजावी. नवव्या महिन्यापासून तीन-चार वेळा जेवण द्यावे. अन्न इतके दाट असावे की चमचा तिरपा केला तरी ते ओघळू नये. वरणाच्या निवळीने पोट भरते, पण बाळ वाढत नाही. तिच्याऐवजी घोटलेली डाळच द्यावी. मुगाची मऊ खिचडी, नाचणीची खीर, कुस्करलेली भाजी, केळे आणि खात असल्यास चांगले शिजवलेले अंडे, असे वैविध्य असावे. प्रत्येक वाटीत अर्धा-एक चमचा तूप वा तेल घालावे. वर्षापर्यंत साखर-मीठ टाळावे आणि मध मुळीच देऊ नये. स्तनपान दोन वर्षे व त्यापुढेही सुरू ठेवावे.

आता ग्लुटेनकडे वळू. गहू, जव आणि राय या धान्यांतील एका प्रथिनसमूहाला ग्लुटेन म्हणतात. कणकेला चिवटपणा येतो तो त्यामुळेच. रवा, मैदा, शेवया, दलिया, बिस्किटे यांत ते असते. खपली गव्हातही ते असते. तांदूळ, ज्वारी, बाजरी, नाचणी, मका, वरई आणि राजगिरा यांत ते नसते.

बहुसंख्य बालकांना ग्लुटेनपासून कोणताही अपाय होत नाही. काहींच्या शरीरात मात्र आनुवंशिक कारणाने ग्लुटेनविरुद्ध प्रतिक्रिया उमटते आणि लहान आतड्यातील अन्नरस शोषणारे सूक्ष्म अंकुर झिजतात. या आजाराला सिलिॲक म्हणतात. गहू उशिरा दिल्यास तो टळेल काय, हे युरोपात तपासले गेले. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या इटलीतील अभ्यासात काही बालकांना ग्लुटेन सहाव्याऐवजी बाराव्या महिन्यानंतर दिले. आजार थोडा उशिरा दिसू लागला, पण पाचव्या वर्षी दोन्ही गटांत फरक उरला नाही. त्याच वर्षीच्या दुसऱ्या अभ्यासात चौथ्या महिन्यापासून अल्प ग्लुटेन दिले; त्यानेही संरक्षण मिळाले नाही. म्हणून गव्हाची घाईही नको आणि भीतीही नको. सहा महिन्यांनंतर इतर धान्यांसोबत गहू थोड्या प्रमाणात सुरू करावा आणि आरंभीच्या आठवड्यांत त्याचा भडिमार टाळावा.

हा विषय मानेसरमध्ये विशेष महत्त्वाचा आहे. राष्ट्रीय राजधानी क्षेत्रातील एका पाहणीत, जी २०११ साली प्रसिद्ध झाली, सुमारे ९६ व्यक्तींमागे एकीला सिलिॲक आढळला. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या तुलनेत हे प्रमाण उत्तर भारतात १.२३ टक्के, तर दक्षिणेत ०.१० टक्के होते. आनुवंशिक प्रवणता दोन्हीकडे जवळपास सारखीच होती; आहारातील गव्हाचे प्रमाण मात्र फार वेगळे होते. आपल्या गावी हा आजार कोणाला झाल्याचे ऐकिवात नसेल, तरी येथे त्याची लक्षणे ओळखता आली पाहिजेत.

गहू सुरू झाल्यानंतर काही महिन्यांत वारंवार पातळ वा दुर्गंधीयुक्त जुलाब, फुगलेले पोट आणि बारीक हातपाय, वजन न वाढणे, चिडचिड, लोहाचे औषध देऊनही न हटणारा रक्तक्षय, यांपैकी काही दिसले तर "दात येत आहेत" वा "नजर लागली" म्हणून थांबू नये. आई, वडील वा भावंडांपैकी कोणाला हा आजार असल्यास लक्षणे नसतानाही डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. गहू दिल्यावर लगेच किंवा दोनएक तासांत अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले वा श्वास लागला, तर ती गव्हाची ॲलर्जी असू शकते. अशा वेळी बाळाला तत्काळ रुग्णालयात न्यावे.

एक सूचना कृपया घरातील सर्वांना सांगावी. सिलिॲकची शंका आली तरी तपासणीपूर्वी गहू स्वतःहून बंद करू नये. रक्तातील प्रतिपिंडे ग्लुटेन पोटात जात असतानाच नीट आढळतात. गहू आधीच थांबवला तर चाचणी निर्दोष येऊ शकते, खरा आजार लपतो आणि बाळाची वाढ खुंटत राहते. रक्ततपासणी आणि गरजेनुसार दुर्बिणीतून आतड्याची तपासणी झाल्यावर डॉक्टर सांगतील तेव्हाच पथ्य सुरू करावे.

निदान झाले तर हे पथ्य आयुष्यभराचे असते, पण मराठी स्वयंपाकघराला ते परके नाही. भाकरी, भात, नाचणीची आंबील, पोहे, वरईचा भात यांवर मूल सुदृढ वाढते. सावधगिरी बारीक ठिकाणी हवी. बाजारातील बांधानी हिंगात बहुधा गव्हाचे पीठ असते. थालीपिठाच्या भाजणीत आणि सातूच्या पिठात गहू वा जव असू शकतो. गहू दळलेल्या चक्कीवर लगेच ज्वारी दळली तर तिच्यातही पीठ मिसळते. म्हणून धान्य घरच्या वेगळ्या चक्कीवर दळावे.

प्रत्येक जुलाब मात्र सिलिॲकचा नसतो. लहान वयात तो बहुधा संसर्गाचा असतो. अशा वेळी ओआरएसचे पाणी वारंवार पाजावे, डॉक्टरांच्या सल्ल्याने १४ दिवस जस्ताची गोळी द्यावी आणि स्तनपान व जेवण चालू ठेवावे. जुलाबात रक्त दिसले, बाळ मलूल झाले वा पीत नसेल, तर त्वरित दवाखान्यात जावे.

बाळाचे वजन दरमहा करून माता-बाल संरक्षण कार्डावरील वाढीच्या आलेखात नोंदवून घ्यावे. आलेखाची रेषा सपाट झाली वा खाली वळली, तर पुढच्या महिन्याची वाट न पाहता ते कार्ड घेऊन जवळच्या आरोग्य केंद्रात यावे.