रोमांचा ताल, भटक्यांचे पाल



सुमारे हजार वर्षांपूर्वी भारतभूमीतून पश्चिमेस गेलेल्या रोमा समाजाच्या भाषेत आजही एक, दुई, त्रिन, पांज अशी गणना होते. पाण्याला 'पानी'च म्हणतात. सात, आठ, नऊ हे अंक मात्र वाटेत ग्रीकांकडून आले. देश सुटला, भाषेचा गाभा सुटला नाही.

अंदलुसियात फ्लामेंकोचे गायन-नर्तन याच समाजाने फुलविले. आगीत डाव्या हाताची दोन बोटे निकामी झालेल्या जांगो राइनहार्ट (१९१०–१९५३) यांच्या गिटारने युरोपला मोहिनी घातली. त्याच युरोपने गाण्यावर ताल धरला आणि गाणाऱ्याला लाथाडले. रुमानियाच्या भूमीत १८५६ पर्यंत रोमा गुलाम होते. पुढे नाझींनी त्यांचा संहार केला. १९७१ साली लंडनजवळ भरलेल्या परिषदेने रोमांच्या ध्वजावर चक्र स्वीकारले.

त्या चक्राचा अभिमान अवश्य वाटावा. परंतु याच जिल्ह्यात मढीच्या कानिफनाथ यात्रेस येणारे गोपाळ, वैदू, कोल्हाटी कोण? १८७१ च्या कायद्याने इंग्रजांनी अनेक भटक्या जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरविले. कायदा १९५२ साली गेला. गावोगावचा संशय गेला नाही. ढोलकीला दाद देणाऱ्या समाजाने ढोलकीवाल्याच्या मुलाला शाळेत आणि पालाला गावात जागा द्यावी. सातासमुद्रापलीकडच्या बांधवांशी नाते सांगण्याचा अधिकार तेथूनच लाभतो.